सॉफ्टवेअर पेटंट आणि उदार परवाने

मुक्त स्रोत सॉफ्टवेअर वापरण्याची, बदलण्याची आणि बंदिस्त उत्पादनातही सामावून घेण्याची मोकळीक देणाऱ्या परवान्यांना उदार परवाने म्हणतात. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे त्यांतले सर्वपरिचित. मूळ कॉपीराइटचा उल्लेख आणि परवान्याचा मजकूर सोबत ठेवणे, ही त्यांची मुख्य अट.

कॉपीराइट लिहिलेल्या कोडवर असतो, पेटंट त्यामागच्या पद्धतीवर. म्हणून कोणाचाही कोड न पाहता स्वतः लिहिलेला प्रोग्रामही पेटंटचे उल्लंघन करू शकतो. जीआयएफ चित्रांमधील एलझेडडब्ल्यू या संक्षेपण पद्धतीवर युनिसिस कंपनीचे पेटंट होते. १९९४ च्या अखेरीस शुल्काचा प्रश्न पुढे आला आणि त्यातूनच पीएनजी हे पर्यायी स्वरूप तयार झाले.

एमआयटी आणि बीएसडी परवान्यांत पेटंटचा शब्दही नाही. वापरण्याची आणि विकण्याची परवानगी दिली म्हणजे पेटंटची परवानगीही त्यात आलीच, असे अनेक कायदेतज्ज्ञ मानतात. पण हा अर्थ काढलेला आहे, लिहिलेला नाही. जानेवारी २००४ मधील अपाची २.० ने ही उणीव भरून काढली. कोड देणारा प्रत्येक जण आपल्या योगदानाला लागू पडणाऱ्या स्वतःच्या पेटंटची विनाशुल्क परवानगी देतो. हे सॉफ्टवेअर आपल्या पेटंटचे उल्लंघन करते असा दावा वापरकर्त्याने लावला, तर त्याला मिळालेली पेटंटची परवानगी संपते. कॉपीराइटची मात्र टिकते. ही मर्यादित शिक्षाच या कलमाचे खरे बळ आहे.

मर्यादा ओलांडली की काय होते, ते वेबपाने तयार करण्यासाठीच्या फेसबुकच्या कोड-संग्रहाच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या बाबतीत दिसले. फेसबुकने बीएसडी परवान्याला जोडलेल्या कलमानुसार, रिअ‍ॅक्टशी संबंध नसलेल्या पेटंटवरून कंपनीवर दावा केला तरी पेटंटची परवानगी जात असे. २०१७ मध्ये अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनने आपल्या प्रकल्पांत असा कोड घेण्यास मनाई केली. सप्टेंबरमध्ये रिअ‍ॅक्ट एमआयटी परवान्याखाली आले. वाद मिटला, पण पेटंटची लेखी हमीही त्याबरोबर गेली, याची चर्चा फारशी झाली नाही.

जीपीएल हा बदललेला कोडही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारा परवाना. अपाची २.० त्याच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, म्हणजे दोन्हींचा कोड एकत्र वापरता येत नाही, असे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे मत आहे, तिसरीशी जुळतो. एमआयटीला ही अडचण नाही. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेसारखे प्रकल्प म्हणूनच एमआयटी किंवा अपाची अशी निवड वापरकर्त्यावर सोपवतात.

कोणताही परवाना त्रयस्थाच्या पेटंटपासून वाचवत नाही, कारण योगदानकर्ता फक्त स्वतःच्या हक्कांबद्दल बोलू शकतो. त्या धोक्यासाठी २००५ मध्ये ओपन इन्व्हेन्शन नेटवर्क स्थापन झाले. त्याचे सदस्य लिनक्सशी निगडित सॉफ्टवेअरपुरती एकमेकांना पेटंटची मुभा देतात. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टही त्यात सामील झाली.