टाइमकोड जागा सांगतो, वेग नाही

जुन्या मल्टीट्रॅक (प्रत्येक वाद्य-आवाजाला वेगळी पट्टी असलेल्या) टेपवरचं रेकॉर्डिंग संगणकात घेताना बहुतेकांची फसगत एकाच ठिकाणी होते. टेपवर टाइमकोड, म्हणजे क्षणाक्षणाचा वेळेचा पत्ता, नोंदवलेला आहे, सॉफ्टवेअरला तो वाचता येतोय, दोन्हीकडचे आकडे बरोबर जुळलेत, आणि तरी गाणं शेवटाकडे येईपर्यंत ढोलक आणि गायक एकमेकांपासून सुटलेले असतात. रस्त्याकडेचे मैलाचे दगड वाचून आपण कुठे पोचलो ते कळतं, पण गाडीचा वेग पाहायला काटाच लागतो. टाइमकोड हा मैलाचा दगड आहे. जागा आणि वेग हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन यंत्रं एकत्र चालवण्याचा सगळा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो.

सिनेमावाल्यांना ही फोड फार आधी करावी लागली. चित्र कॅमेऱ्यात, आवाज वेगळ्या टेपवर. स्टेफान कुडेल्स्कीचा नाग्रा ३ हा स्वित्झर्लंडमध्ये बनलेला रेकॉर्डर १९५८ मध्ये आला आणि बाहेरच्या चित्रीकरणात जगभर पोचला. त्याच्या पाव इंची टेपवर आवाजासोबत एक बारीक ‘पायलट’ सिग्नल नोंदवला जाई. कॅमेऱ्याच्या मोटरच्या वेगाशी बांधलेला तो ५० किंवा ६० हर्ट्झचा सूर असे. स्टुडिओत आल्यावर टेपचा वेग असा सांभाळायचा की पायलट पुन्हा नेमका तेवढाच वाजेल. म्हणजे वेगाचं काम पायलटचं आणि जागेचं काम क्लॅपचं. पाटी आपटली ती फ्रेम आणि ‘टक्’ आवाज जुळवला की पुढचं सगळं आपोआप जुळे. साधी आणि अतिशय भरवशाची पद्धत होती ती.

टाइमकोड जन्मला तो व्हिडिओच्या अडचणीतून. दोन इंची व्हिडिओ टेप १९५६ मध्ये आली तेव्हा तिच्यावर चित्र डोळ्यांना दिसतच नव्हतं. संपादक टेपवर लोहकणांचं द्रावण लावून, सूक्ष्मदर्शकाखाली चुंबकीय खुणा शोधून, पात्याने कापत. प्रत्येक फ्रेमला स्वतःचा पत्ता द्यायचा, तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा, ही कल्पना १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ईईसीओ या कंपनीने प्रत्यक्षात आणली. निरनिराळ्या कंपन्यांचे कोड एकमेकांशी जुळेनात, तेव्हा चित्रपट आणि टेलिव्हिजन अभियंत्यांच्या एसएमपीटीई या अमेरिकन संस्थेने सत्तरच्या दशकात एक प्रमाण ठरवलं. तेच आजही चालतं.

या कोडची रचना जवळून पाहण्यासारखी आहे. एका फ्रेमला ८० बिट. त्यात वेळेचे आकडे, वापरणाऱ्याने हवं ते लिहायला ३२ बिट, आणि शेवटी फ्रेम संपल्याची १६ बिटांची ठरावीक खूण. प्रत्येक बिटाच्या सीमेवर सिग्नल उलटतो. बिट १ असेल तर मध्येही एकदा उलटतो. २५ फ्रेमच्या पद्धतीत सेकंदाला २,००० बिट होतात, म्हणजे हा सगळा कोड १,००० ते २,००० हर्ट्झच्या आसपासचा कर्कश किरकिराट असतो. कानाला ऐकू येणारा असल्यामुळेच तो कुठल्याही साध्या ऑडिओ ट्रॅकवर रेकॉर्ड होतो. शेवटची खूण उलटसुलट सारखी नसल्याने टेप मागे फिरवतानाही कोड वाचता येतो. एकच मर्यादा: टेप थांबली की आवाज थांबतो आणि कोडही मुका होतो.

अमेरिकेत रंगीत टीव्हीचा वेग सेकंदाला ३० नसून २९.९७ फ्रेम, त्यामुळे तिथे घड्याळाशी मेळ राखायला तासाला १०८ फ्रेम-क्रमांक गाळावे लागतात. भारतात १९८२ पासून रंगीत दूरदर्शन २५ फ्रेमच्या पाल पद्धतीवर चाललं, म्हणून त्या भानगडीतून आपण सुटलो. मात्र परदेशातून आलेली टेप हाताळताना हे आधी तपासलेलं बरं.

संगीताच्या स्टुडिओत टाइमकोड आला तो ट्रॅक वाढवण्यासाठी. २४ ट्रॅकच्या मशीनवर शेवटच्या ट्रॅकवर कोड भरायचा. त्याला ‘स्ट्राइप करणं’ म्हणत. शेजारच्या २३ नंबरच्या ट्रॅकमध्ये किरकिराट झिरपतो म्हणून तो शक्यतो रिकामा. मग क्यू-लॉक किंवा टाइमलाइन लिंक्ससारखा सिंक्रोनायझर दोन्ही मशीनचे कोड वाचून दुसऱ्या मशीनच्या कॅपस्टन मोटरचा, म्हणजे टेप ओढणाऱ्या मोटरचा, वेग सतत कमीजास्त करत राही. इथे जागा आणि वेग दोन्ही प्रश्न एकट्या टाइमकोडवर भागत, कारण अॅनालॉग मशीन लवचीक होतं. थोडं मागे पडलं तर थोडं जोरात पळवायचं, कानाला कळतही नसे.

मग संगणक आला. १९८३ मध्ये मिडी, म्हणजे वाद्यं आणि संगणकांनी एकमेकांना आज्ञा पाठवण्याचं प्रमाण, ठरलं, १९८५ मध्ये मिडीची सॉकेट अंगातच असलेला अटारी एसटी हा संगणक आला. १९८७ मध्ये ‘मिडी टाइमकोड’ मिडीच्या नियमांत दाखल झाला. त्यात एका फ्रेमच्या काळात पत्त्याचे चार तुकडे पाठवतात आणि पूर्ण पत्ता कळायला आठ तुकडे, म्हणजे दोन फ्रेम लागतात. २५ फ्रेमला दर १० मिलिसेकंदांनी एक तुकडा. चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरचा एक ट्रॅक कोडला देऊन उरलेल्या तिनांवर गाणं-गिटार आणि सगळा ताल-सिंथ संगणकातून, अशी घरगुती स्टुडिओंची एक पिढीच यावर उभी राहिली. संगणकातला सीक्वेन्सर (वाद्यं वाजवणारा प्रोग्राम) फक्त सूर-तालाच्या आज्ञा पाठवत असल्याने तोही टेपमागे सहज वाकत असे.

खरी गाठ बसली ती दोन्ही बाजू डिजिटल झाल्यावर. अलेसिस कंपनीचा एडॅट हा रेकॉर्डर १९९१ मध्ये जाहीर झाला, १९९२ मध्ये बाजारात आला. साध्या एस-व्हीएचएस कॅसेटवर आठ डिजिटल ट्रॅक, किंमत ४,००० डॉलरच्या घरात. अशी १६ मशीन जोडून १२८ ट्रॅक करता येत. पुढच्याच वर्षी टास्कॅमचा हाय-८ टेपवरचा डीए-८८ आला. एडॅट कॅसेट फॉरमॅट करतानाच टेपवर स्वतःचे वेळेचे पत्ते लिहितो, आणि ९ पिनांच्या सिंक केबलमधून पुढच्या मशीनला सॅम्पलपर्यंतची, म्हणजे डिजिटल आवाजाच्या एकेका नोंदीपर्यंतची, जागा देतो. एसएमपीटीई टाइमकोड हवा असेल तर वेगळा रिमोट घ्यावा लागे.

आता संगणकाचं ऑडिओ इंटरफेस (आवाज आत-बाहेर नेणारं उपकरण) आणि एडॅट दोघांकडे आपापलं क्रिस्टल घड्याळ. दोन घड्याळांत दहा लाखात २० भागांचा फरक असला तरी तासाला ७२ मिलिसेकंद, म्हणजे जवळपास दोन फ्रेम. सुरुवातीला टाइमकोड कितीही नेटका जुळवा, पुढे सुटणारच. म्हणून टाइमकोडने जागा घ्यायची आणि वेग मात्र एकाच घड्याळाकडून: वर्ड क्लॉकच्या, म्हणजे नुसते घड्याळाचे ठोके नेणाऱ्या, केबलमधून, किंवा एडॅटच्या आठ चॅनेलच्या ऑप्टिकल तारेतून. इंटरफेसला अंतर्गत घड्याळ सोडून त्या तारेमागे चालायला सांगायचं. पायलट आणि क्लॅप यांची जुनी जोडी इथे नव्या कपड्यांत परत आली. आर्डर या रेकॉर्डिंगच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर बाहेरचा टाइमकोड आणि ऑडिओचं घड्याळ एकमेकांशी बांधलेले आहेत का, हे सांगण्याचा स्वतंत्र पर्याय आहे. तो निवडला की आर्डर स्वतःचा वेग बदलत नाही. न निवडल्यास कोडच्या मागे वेग कमीजास्त करत राहतो. अनेकांचं काम या एका खुणेवर अडलेलं असतं.

घड्याळ एक केलं तरी सुरुवातीचा नेमकेपणा उरतोच. तीन एडॅटवरचे २४ ट्रॅक आठ-आठ करून तीन फेऱ्यांत घेतले आणि मिडी टाइमकोडवर सॉफ्टवेअर सुरू केलं, तर प्रत्येक फेरी थोडी वेगळ्या क्षणी सुरू होते. वेगवेगळ्या गाण्यांना चालेल. पण एकाच ड्रमचे दोन माइक वेगवेगळ्या फेऱ्यांत आले आणि एक मिलिसेकंदाचा फरक पडला, तर दोन्ही सारख्या पातळीवर मिसळताना ५०० हर्ट्झच्या जागी आवाज कापला जातो आणि ड्रम पोकळ वाजतो. मोटू २४०८ सारख्या १९९८ च्या इंटरफेसवर एडॅटचं ९ पिनी सॉकेट होतं ते यासाठीच: सॉफ्टवेअरला थेट सॅम्पलचा पत्ता मिळे आणि प्रत्येक फेरी तंतोतंत त्याच जागी बसे.

ज्यांच्याकडे एडॅटच्या कॅसेट अजून आहेत त्यांनी फार थांबू नये. या मशीनचे रबरी भाग आणि हेड झिजतात, आणि चालू स्थितीतली मशीन कमी होत चालली आहेत. ९ पिनी सॉकेटचा इंटरफेस नसेल, तर मशीन एकमेकांना जोडून अॅनालॉग आउटमधून प्रत्येक फेरीत सात नवे ट्रॅक आणि आठवा एक कायमचा ट्रॅक घ्यावा, शक्यतो स्नेअर ड्रमसारखा टोकदार आवाजाचा. नंतर पडद्यावर त्याच्या लहरी एकमेकींवर बसवल्या की बाकीचे ट्रॅकही जागेवर येतात. २४ ट्रॅकच्या अॅनालॉग टेपला मात्र ही युक्ती पुरत नाही, कारण तिचा वेग प्रत्येक फेरीत किंचित हलतो. तिच्यासाठी २४ चॅनेलचे इंटरफेस मागून-जमवून एकाच घड्याळावर बांधावेत, सगळी टेप एकाच फेरीत उतरवावी, आणि टाइमकोडचा किरकिरणारा ट्रॅकही न गाळता सोबत रेकॉर्ड करून ठेवावा.