बिल्ल्याची पाठ आधी बघा

माझ्या टेबलावर आत्ता दोन पितळी बिल्ले शेजारी शेजारी ठेवलेत. दोन्हींवर बिगूल, खाली पलटणीच्या नावाची पट्टी. हातभर अंतरावरून जुळे भाऊ वाटावेत असे. एक माझ्या मित्राच्या आजोबांच्या ट्रंकेत निघाला. आजोबा साताऱ्याकडचे, मराठा पलटणीतले. दुसरा मित्राने मागच्या महिन्यात जुन्या बाजारातून आणला, आजोबांच्या बिल्ल्याला जोड म्हणून. विकणाऱ्याने सांगितलं होतं, हा पहिल्या महायुद्धातल्या, आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यातला, १९१६ चा.

मी आधी दोन्ही उलटे केले. नवखा माणूस पुढची बाजू बघतो. नकला करणाऱ्याचीही सगळी मेहनत तिथेच खर्ची पडलेली असते. पाठीकडे तो फारसं लक्ष देत नाही.

आजोबांच्या बिल्ल्याची पाठ पोकळ आहे. समोर जिथे बिगूल उठून आलाय, तिथे मागे तेवढाच खळगा, आणि पट्टीवरची अक्षरं मागून उलटी वाचता येतात. याचं कारण तो बनवण्याच्या पद्धतीत आहे. पितळेचा पत्रा दोन पोलादी ठशांमध्ये ठेवून प्रचंड दाबाने चेपायचा. धातू वितळत नाही, थंडच असतो, पण दाबाखाली ठशाच्या बारीकसारीक रेघांमध्ये शिरतो. दाबलेलं पितळ कडकही होतं. पुण्याच्या तांबट आळीत ठोक्यांनी तांब्याचं भांडं घट्ट होतं, तोच हा गुण. मग बिगुलाच्या दोऱ्यांमधली जागा दुसऱ्या ठशाने कातरून काढतात, म्हणून त्या भोकांच्या कडा सरळ आणि तुळतुळीत असतात.

बाजारातल्या बिल्ल्याची पाठ सपाट, बारीक रव्यासारखी खरखरीत. भिंगाखाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. वितळलेल्या धातूत अडकलेल्या हवेच्या बुडबुड्यांच्या त्या खुणा. दोऱ्यांमधल्या एका भोकात धातूचा पातळ पापुद्रा तसाच राहिलाय, दुसऱ्यात कानशीचे ओरखडे आहेत. हा ओतीव माल. अस्सल बिल्ल्यावरून साचा घेतला आणि त्यात पितळ ओतलं.

आता व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे मिलिमीटरचाही अंश मोजणारं माप, लावू. पितळ साधारण ९०० अंश सेल्सिअसला गोठतं आणि तिथून निवताना आक्रसतं, दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १९ भाग. ९०० वरून खोलीच्या तापमानापर्यंत येताना हे आकुंचन पावणेदोन टक्क्यांच्या आसपास भरतं. म्हणजे ४५ मिलिमीटर रुंद बिल्ल्याची ओतीव नक्कल पाऊण मिलिमीटरने लहान निघते. डोळ्यांना हा फरक कळत नाही, कॅलिपरला लगेच कळतो. मला ही कसोटी सगळ्यांत आवडते, कारण निसर्गाचा हा नियम कुठल्याही कारागिराला चुकवता येत नाही. फार तर त्याला साचाच मोठा करावा लागेल, आणि अस्सल बिल्ल्यावरून थेट साचा घेणारा ते करू शकत नाही.

पण इथे घाई नको. ओतीव म्हणजे खोटाच, असं हिंदुस्थानातल्या बिल्ल्यांच्या बाबतीत म्हणता येत नाही. ब्रिटिश काळात छावण्यांमधल्या पलटणींनी स्थानिक कारागिरांकडून ओतून घेतलेले बिल्ले सर्रास वापरले. ते ओबडधोबड असले तरी शंभर टक्के खरे, आणि मला तर ते जास्त जवळचे वाटतात. फरक असा, की त्या कारागिराने स्वतःचा नमुना कोरलेला असतो. नकलेत मात्र दुसऱ्याच बिल्ल्याचं रूप पुसट होऊन उतरलेलं दिसतं, कधी कधी त्या मूळ बिल्ल्यावरचे ओरखडेसुद्धा.

जस्ताच्या मिश्रधातूवर सोनेरी मुलामा दिलेल्या नकला पकडणं सोपं आहे. सोनाराच्या छोट्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. बिल्ला दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, तितके घन सेंटिमीटर बिल्ल्याचं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागा. पितळ असेल तर उत्तर साडेआठच्या आसपास येतं, जस्ताचा मिश्रधातू असेल तर सातच्याही खाली.

उरतो तो राप, म्हणजे धातूवर काळानुसार चढलेला गडद थर. खरा राप वर्षानुवर्षं हवेशी संयोग होऊन चढतो आणि धातूला घट्ट धरून बसतो. रसायनाने घाईत आणलेला बोटाने चोळला तरी सुटतो, किंवा उंच-सखल सगळीकडे सारखाच बसलेला असतो. काही जण त्यासाठी अमोनियाची वाफ देतात. अस्सल बिल्ला मात्र अमोनियाजवळही नेऊ नका. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवत, आणि ती आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि दाबून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, या तिघांचा तो परिणाम होता. उलगडा १९२१ मध्ये झाला. ठशाचा बिल्लाही तसाच दाबून घडवलेला असतो, त्याच्याही अंगात तो ताण असतो.

आणि कुतची गोष्ट? त्यासाठी भिंगही लागत नाही. बाजारातल्या बिल्ल्यावर पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचा आकडा आहे. हे नाव मिळालं १९२२ मध्ये. त्याआधी तिच्यात एकत्र आलेल्या पलटणी १०३, १०५, ११०, ११४, ११६, ११७ अशा आकड्यांनी ओळखल्या जात. १९१६ च्या एप्रिलमध्ये कुत पडलं तेव्हा '५' हा आकडा लावलेला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई तिथे असूच शकत नव्हता. बिल्ल्यावर मुकुट असेल तर तोही असाच काळ सांगतो. जुन्या बिल्ल्यांवरचा ट्यूडर मुकुट, म्हणजे ब्रिटिश राजांच्या चिन्हातला मुकुट, १९०१ ते १९५२ चा, आणि प्रजासत्ताक झाल्यावर १९५० मध्ये भारतीय सेनेच्या चिन्हांवरून मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले.

मित्राचा चेहरा पडला. मी त्याला आजोबांचा बिल्ला पुन्हा भिंगाखाली दाखवला. बिगुलाचा उंच भाग रोजच्या घासण्याने गुळगुळीत झिजलाय, पण खोबणीतल्या रेघा अजून धारदार आहेत. ओतीव नकलेत दोन्ही सारखेच बोथट असतात. अक्षरांच्या सांदीत पांढुरकी भुकटी घट्ट बसलीय, पितळ चकाकवायच्या पॉलिशची. परेडच्या आदल्या रात्री आजोबांनी फडकं फिरवलं असेल, त्यातली ती उरलेली. वहिनी चिंच लावून बिल्ला लख्ख करणार होत्या. मित्राने तिथूनच घरी फोन लावला आणि चिंच भिजत घालू नकोस म्हणून सांगितलं.