धिरडं, पोळा आणि अंड्याविना ऑम्लेट

मुंबईच्या उडपी हॉटेलांत पाटीवर 'टोमॅटो ऑम्लेट' लिहिलेलं असतं आणि त्यात अंडं नसतं. डाळीच्या पिठात कांदा, टोमॅटो, मिरची घालून तव्यावर टाकलेलं ते धिरडंच. घरोघरीही आता लोक त्याला ऑम्लेटच म्हणतात. नाव शंभरेक वर्षांच्या आतबाहेरचं असेल, पण पदार्थाची कुळी फार मागे जाते.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, इ.स. ११३०च्या सुमारास, 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या ग्रंथातल्या अन्नाच्या प्रकरणात 'धोसक' येतो. हा डोशाचा पूर्वज खरा, पण त्यात तांदूळ नाही. कडधान्यं भिजवून वाटायची आणि तेल लावलेल्या तापिकेवर, म्हणजे तव्यावर, घालायची, असा तो प्रकार. म्हणजे निव्वळ डाळीचं धिरडं आधी आणि तांदूळ-उडदाचा आंबवलेला डोसा नंतर, असा क्रम असावा. आपण उलटं समजतो: डोसा खानदानी आणि बेसनाचं धिरडं म्हणजे ऐनवेळची सोय.

सोय आली ती कोरड्या पिठामुळे. सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात भावमिश्रांनी 'वेसन' म्हणजे काय ते नेमकं सांगितलं आहे: हरभऱ्याची साल काढलेली डाळ यंत्रात दळली की जे चूर्ण होतं ते. भिजवणं आणि पाट्यावर वाटणं टळलं. जात्यावर एकदा दळून डब्यात भरलं की आठवडाभर भजी, पिठलं, कढी, धिरडी सगळं त्यातून. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि दळणही घराबाहेर गेलं. विदर्भात नि मराठवाड्यात 'बेसन' म्हणजे पीठच नव्हे, तर शिजवलेलं पिठलंसुद्धा. 'आज बेसन-भाकरी' एवढं म्हटलं की पुरतं.

हे पीठ घाटावरच जास्त का, तर हरभरा रब्बीचा. पाऊस सरल्यावर काळ्या कसदार जमिनीत जी ओल उरते, तिच्यावर तो येतो. कोकणात ती जमीन नाही, तिथे भात. म्हणून तिकडे तांदळाचं घावन आणि आंबोळी. गुजरातेत बेसनाचा पुडला, हिंदी मुलखात चीला, आपल्याकडे धिरडं किंवा पोळा. गव्हाच्या पिठाची गोड धिरडी आणि सोबत गुळवणी, ही देशावरची आणखी वेगळी शाखा.

आजच्या धिरड्यातल्या दोन गोष्टी मात्र जुन्या नाहीत. मिरची पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात आली. त्याआधी तिखटपणा मिरी आणि आल्याचा, आणि मिरचीला नावही मिरीवरूनच पडलं. टोमॅटो त्याहून उशिरा रुळला. जुन्या मराठीत त्याला वेलवांगी म्हणत, आणि पुष्कळ घरांत तो बरीच वर्षं विलायती म्हणून चुलीपासून लांबच होता. हिंग, हळद, ओवा हे जुने सोबती. हरभरा वातूळ, म्हणून ओवा-हिंग; ही जोडी चवीसाठी नंतर, पोटासाठी आधी.

टोमॅटो आला आणि पदार्थाची तंत्रंही बदलली. इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेकांचं धिरडं इथेच फसतं. एक वाटी म्हणजे सुमारे शंभर ग्रॅम बेसन, दोन मोठे चमचे तांदळाची पिठी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, अर्धा चमचा ओवा हातावर चोळून, आणि मीठ. पाणी एकदम ओतायचं नाही. आधी पाव वाटी पाण्यात घट्टसर पीठ कालवून गुठळ्या मोडायच्या. पातळ पिठात गुठळीला दाब मिळत नाही. तिच्यावर ओला पापुद्रा धरतो आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. मग हळूहळू आणखी अर्धी ते पाऊण वाटी पाणी. पळी बुडवून काढली की तिच्या पाठीवर पातळ थर राहावा, इतपत सैल. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवायचं. 'झटपट' म्हणून हे टाळलं की पिठाचा कण पुरता भिजत नाही, धिरडं आतून कच्चट लागतं आणि डाळीचा कच्चा वास मागे राहतो.

टोमॅटो, कांदा, कोथिंबीर तव्यावर घालायच्या अगदी आधी मिसळावीत. मिठाने टोमॅटोला पाणी सुटतं. आधीच घातलं तर पहिलं धिरडं नीट होतं आणि चौथं उलथताना फाटतं. टोमॅटोच्या बिया काढल्या तर उत्तमच. कांदा जाड चिरला तर पीठ पसरताना पळीला अडतो आणि तिथे भोक पडतं.

बिडाचा तवा असेल तर तो आधी चांगला तापवून, पाण्याचा शिबका मारून, अर्ध्या कापलेल्या कांद्याने किंवा वांग्याच्या देठाने तेल पुसून घ्यायचं. फार तापला तर पीठ पडल्या जागी चिकटून बसतं, पसरतच नाही, पळीबरोबर गोळा होऊन येतं. थंड असला तर खाली घट्ट धरतं. पहिलं धिरडं बिघडतं ते याचमुळे: तव्याची आच अजून बसलेली नसते. पीठ मधोमध ओतून पळीच्या पाठीने गोल गोल बाहेर न्यायचं, सहा-सात इंचांपर्यंत. कडेने तेल सोडायचं, झाकण ठेवायचं, आच मध्यम. वरचा ओलसरपणा जाऊन कडा आपोआप सुटू लागल्याशिवाय उलथणं घालायचं नाही; डाळीचं पीठ आवळून धरेपर्यंत तव्याला चिकटूनच राहतं. वरच्या मापात चार-पाच होतात.

सोड्याची गरज नाही. तो घातला की धिरडं फुगतं पण ठिसूळ होतं, आणि जास्त झाला तर हळदीमुळे लालसर डाग पडतात. अल्कधर्मी पदार्थ लागला की हळद लाल होतेच. कुरकुरीतपणा तांदळाच्या पिठीने येतो, सोड्याने नव्हे.

भूमध्य समुद्राच्या काठावरही असंच पीठ आहे. फ्रान्सच्या नीस शहरातलं सोक्का आणि इटलीतल्या लिगुरियातलं फारिनाता, दोन्ही हरभऱ्याच्या पिठाची. तिकडे पीठ कित्येक तास भिजत ठेवतात आणि मोठ्या थाळ्यात ऑलिव्ह तेलावर भट्टीत भाजतात. हळद-ओवा नाही, मिरपूड भरपूर. भिजण्याचा नियम मात्र तोच.

गार झालेलं बेसनाचं धिरडं चामट होतं, परत भाजूनही पहिल्यासारखं होत नाही. उत्तरेकडे उरलेल्या चिल्याच्या पट्ट्या कापून त्या कांदा-टोमॅटोच्या रश्शात सोडतात. रस्सा उकळू लागल्यावर शेवटची पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर पट्ट्या विरघळून रश्शाचं पिठलं होतं.