रेखनसाधने : कोल्हापूरची चित्रपरंपरा

शिसपेन्सिल, कोळसा, शाई, भुकटी व कागद या रेखनसाधनांनी चित्रावर ठेवलेल्या खुणांवरून ते कोणत्या क्रमाने घडले हे ठरविण्याची अभ्यासपद्धती. कोल्हापूरच्या आबालाल रहिमान (जन्म 1856 किंवा 1860, मृत्यू 1931) यांच्यासारख्या जलरंगकारांना ती लावता येते. जलरंगाचा हात फिरल्यावर त्याखालची पेन्सिलरेघ बसून जाते, खोडता येत नाही. वरून ओढलेली रेघ मात्र खोडरबराने निघते. त्यामुळे आधी आखणी की मागाहून दुरुस्ती, हे बहुधा सांगता येते. व्हॉटमनसारख्या इंग्रजी चित्रकागदावर वर्षाचा जलचिन्हांक (कागद घडतानाच उमटविलेली, उजेडासमोर धरल्यावर दिसणारी खूण) असल्यास चित्र त्याआधीचे नाही एवढेच ठरते. कागद वर्षानुवर्षे पडून राहू शकतो. आबालाल यांच्या जन्मवर्षाचा वाद यातून सुटणार नाही, हे उघड आहे.

अभिनेते व चित्रकार चंद्रकांत मांडरे (1913–2001) यांनी निसर्गचित्रांसाठी वापरलेले ‘पावडर शेडिंग’ हे अधिक गुंतागुंतीचे प्रकरण. काळी भुकटी बोटाने, कापसाने किंवा कागदाच्या सुरळीने कागदावर घासतात. उजेड काही ठिकाणी राखलेला, तर काही ठिकाणी खोडरबराने काढलेला असतो. राखलेल्या जागी कागदाचा पोत स्वच्छ राहतो. काढलेल्या जागी पोताच्या खळग्यांत करडी भुकटी उरते. तिरप्या उजेडात भिंगाखाली हा फरक दिसतो. ग्रॅफाइट चकाकते, कोळसा मंद राहतो, म्हणून मिश्रणही ओळखू येते. या तंत्राचे मूळ मोठ्या केलेल्या फिकट छायाचित्रांवर कोळसा-क्रेयॉनचा हात फिरविण्याच्या 19 व्या शतकाच्या उत्तरार्धातील व्यवसायात शोधता येते, तसेच कलाशाळांतील पुतळ्यांवरून करावयाच्या छायाभेदाच्या अभ्यासातही. पहिल्या प्रकारात भुकटीखाली छायाचित्राची प्रतिमा असते. उघड्यावर पाहून केलेल्या निसर्गचित्रांना ती लागत नाही. म्हणून दुसरे मूळ अधिक संभवनीय वाटते. दोन्ही सवयी एकाच हातात आल्या असण्यास अर्थातच हरकत नाही.

चित्रकार व चित्रपट-दिग्दर्शक बाबूराव पेंटर (1890–1954) यांनी नाटकांचे पडदे रंगविले आणि पुढे चित्रपटांसाठी वेशभूषा, पात्रे व हालचाली यांची रेखाटने केली. लहान रेखाटन पडद्यावर वाढविण्याची रूढ रीत चौकडी आखण्याची. खाक्याच्या (नमुना-रेखाटनाच्या) कडेने टोचलेली भोके दिसली, तर त्यांतून भुकटी झिरपवून आकृती खालच्या पृष्ठावर उतरविली असे समजावे. चौकडी रेखाटनाच्या वर असल्यास ते वाढविण्यासाठी चौकडी आखण्याआधीचे, खाली असल्यास दुसऱ्या चित्रावरून केलेली नक्कल असण्याची शक्यता अधिक.