कडक इस्त्रीचं रसायन

‘डॉक्टरचा पांढरा कोट अंगात घातला की मेंदू तल्लख चालतो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’ हा मजकूर मोबाइलवर फिरत असतो. त्याच्या शेपटीला पुढचं वाक्य ठरलेलं: ब्लेझर घ्या, आत्मविश्वास आपोआप येईल. बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, नोकरी शोधणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या पोरांनाही हाच सल्ला मिळतो. म्हणून म्हटलं, त्या कोटाचे खिसे जरा तपासून बघू.

मूळ प्रयोग २०१२ सालचा, अ‍ॅडम आणि गॅलिन्स्की या अमेरिकेतल्या दोन संशोधकांचा. विद्यार्थ्यांना त्यांनी स्ट्रूप चाचणी दिली. तिच्यात ‘लाल’ हा शब्द निळ्या शाईत छापलेला असतो आणि सांगायचा असतो शाईचा रंग. मेंदूने शब्द आधीच वाचून टाकलेला असतो, म्हणून जीभ अडखळते. (कन्नड लिपी वाचता न येणाऱ्यापुढे ‘लाल’ या अर्थाचा कन्नड शब्द निळ्या शाईत धरा, तो बेधडक ‘निळा’ म्हणेल. सीमाभागात हा प्रयोग फुकटात होतो.) कोट घातलेल्यांच्या चुका इतरांच्या जवळपास निम्म्या निघाल्या. पुढच्या प्रयोगात तोच कोट ‘डॉक्टरचा’ म्हणून घालायला दिला तर लक्ष वाढलं, ‘चित्रकाराचा’ म्हणून दिला तर वाढलं नाही. म्हणजे करामत कापडाची नव्हती, कोटाविषयीच्या समजुतीची होती.

२०१९ मध्ये दुसऱ्या गटाने अधिक विद्यार्थी घेऊन पहिला प्रयोग पुन्हा केला, तेव्हा फरक दिसलाच नाही. २०२३ मध्ये मूळ संशोधकांनी आणखी एका सहकाऱ्याबरोबर या विषयावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले आणि परिणाम अगदीच पोकळ नाही, असा निष्कर्ष काढला. इतकंच. त्यावर ब्लेझरची विक्री उभी करणं आणि गुरुवारी पिवळा, शनिवारी काळा शर्ट घालून मुलाखतीला जाणं यांत मला फारसा फरक दिसत नाही. रंगाचा रेणू प्रकाशातल्या ठराविक लहरी शोषतो, आणि शनिवारीही त्याच शोषतो.

आत्मविश्वासाचं शास्त्र असं डळमळीत असलं तरी इस्त्रीचं पक्कं आहे. परीटघडीचा शर्ट घातलेला माणूस ताठ का चालतो ते मला ठाऊक नाही, पण तो शर्ट ताठ का राहतो ते सांगता येतं.

सुती कापड म्हणजे जवळजवळ सगळं सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो रेणू एकापुढे एक जोडून झालेली लांब साखळी. प्रत्येक ग्लुकोजच्या अंगावर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या तीन जोड्या मोकळ्या असतात. शेजारच्या साखळीवरच्या अशाच जोड्यांशी त्या हायड्रोजन बंध जोडतात. हा बंध एकेकटा दुबळा, साखळीच्या आतल्या बंधाच्या पंधरा-वीस पटीने कमी ताकदीचा. पण संख्येने अफाट. कबड्डीत हात धरून उभ्या राहिलेल्या कोपरारक्षकांसारखे ते एकमेकांना जागेवर ठेवतात.

आता पाणी शिंपडा. पाण्याच्या रेणूकडेही तसलीच जोडी असते. तंतूचा काही भाग स्फटिकासारखा घट्ट रचलेला असतो, तिथे पाण्याला शिरकाव नाही. उरलेल्या विस्कळीत भागात मात्र ते घुसतं, दोन साखळ्यांमधले बंध सोडवतं आणि दोन्हीकडे स्वतः बंध जोडतं. साखळ्या सैल होऊन सरकू लागतात. कोरडं सेल्युलोज असं सैल करायचं तर दोनशे अंशांच्या पुढे तापवावं लागेल, आणि तिथे कापड करपायला लागतं. ओल आली की हेच तापमान कितीतरी खाली येतं. परीट इस्त्री फिरवण्याआधी पाण्याचा शिडकावा करतो तो याचसाठी. मग वजनदार इस्त्री साखळ्यांना सपाट बसवते, उष्णता पाण्याची वाफ करून घालवते आणि मोकळ्या झालेल्या जोड्या नव्या शेजाऱ्याशी बंध जोडतात. इस्त्रीची घडी म्हणजे हेच.

खळीचं काम याच नात्यातलं. स्टार्चही ग्लुकोजचंच बनतं, फक्त त्याचा जोड वेगळ्या कोनात असतो, म्हणून सेल्युलोज सरळ राहतं आणि स्टार्च वेटोळं घेतं. तांदळाच्या पेजेत साधारण साठ-सत्तर अंशांना त्याचे कण फुगून फुटतात, वेटोळी मोकळी होतात, धाग्यावर थर देऊन सेल्युलोजला चिकटतात. बेळगावातल्या शहापूर-वडगावचे विणकर ताण्याला खळ देतात तेही याच गुणासाठी: धाग्याची पिसं बसतात आणि मागावर घासून धागा तुटत नाही.

पण पाण्याने जे जमवलं ते पाणीच मोडतं. आषाढात खानापूरहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये सुती पँटची घडी का टिकत नाही? दमट हवा, अंगाची ऊब, वर बसण्याचा दाब. इस्त्रीला लागणाऱ्या तिन्ही गोष्टी सीटवर हजर असतात, फक्त आकार चुकीचा येतो. इस्त्री करून लगेच गरम शर्ट अंगात घालणाऱ्याचंही हेच होतं. दहा मिनिटं हँगरवर निवू द्यावा.

टेरिकॉटने, म्हणजे पॉलिएस्टर-कापसाच्या मिश्र कापडाने, शाळा आणि कचेऱ्या जिंकल्या त्या इथे. पॉलिएस्टरच्या साखळीवर असल्या मोकळ्या जोड्या जवळपास नसतातच. कापूस हवेतून वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओल घेतो, पॉलिएस्टर ०.४ टक्के. त्याची घडी उष्णतेने बसते आणि पावसाने मोडत नाही. घामही शोषला जात नाही, हा त्याचा दंड.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, हिशेब उलटा होतो. ओतताना लोखंडाचा रस तेराशे-चौदाशे अंशांचा असतो. पॉलिएस्टर २६० अंशांच्या आसपास वितळून कातडीला चिकटतं. कापूस जळतो, पण वितळत नाही, म्हणून भट्टीपाशी जाड सुती, पूर्ण बाहीचा, शक्यतो अग्निरोधक केलेला कपडा लागतो. पँट बुटात खोचणं रुबाबदार दिसतं खरं, पण उडालेला थेंब थेट बुटात उतरतो. म्हणून पँट बुटाबाहेर, आणि तिला दुमड नको.

त्याच उद्यमबागेत लेथवर बाही आखूड किंवा मनगटाला घट्ट हवी. गळ्यातला रुमाल, हातातलं कडं, अंगठी, सगळी हौस शिफ्टपुरती काढून ठेवायची. काम पकडून फिरणाऱ्या चकमध्ये सुती बाही अडकली तर ती फाटून सुटेल या भरवशावर राहू नये. कापूस ताणाला चिवट असतो, आणि घामाने भिजला की त्याची ताकद कमी होण्याऐवजी वाढते.