नुसत्या काळ्या रेषांची राणी

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ 24 मार्च 1603 ला गेली आणि त्याच सुमाराला क्रिस्पिन द पास या कोरीव काम करणाऱ्या कलाकाराने तिचं एन्ग्रेव्हिंग काढलं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र; मूळ ड्रॉइंग चित्रकार आयझॅक ऑलिव्हरचं. राणी उभी आहे, एका हातात राजदंड, दुसऱ्यात क्रॉस लावलेला गोळा, आणि झगा तर असा भरलेला की बघतच राहावं. ऑनलाइन मिळालं तर नक्की झूम करून बघा, कारण त्यात करडा रंग कुठेच नाहीये, शाई फक्त काळी, बाकी सगळा कोरा कागद.

मग सावल्या कुठून आल्या? अंधार हवा तिथे रेषा जाड आणि जवळजवळ, वर आडव्या रेषांची जाळी, आणि उजेड हवा तिथे त्या बारीक होत होत संपतात. साधारण फूटभर अंतरावरून आपल्या डोळ्याला 0.1 मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन रेषा वेगळ्या दिसत नाहीत, त्या मिसळून करड्या वाटतात, आणि त्याहून लांब असल्या तरी मेंदू काळ्या-पांढऱ्याची सरासरी काढतोच. आजचा पेपरातला फोटो याच तत्त्वावर छापतात!

कोरायचं तांब्याच्या पत्र्यावर. तांबं मऊ, म्हणून ब्युरिन, म्हणजे कोरायचं टोकदार पोलादी हत्यार, हाताने ढकलला की तांब्याची तार निघते आणि नांगराच्या तासाला माती उठावी तशी दोन्ही कडांना धार उठते, ती खरवडून टाकायची. ब्युरिन खोल दाबला की रेषा आपोआप रुंद होते, म्हणजे जाडी सगळी मनगटाच्या जोरावर. वळण आलं की बहुतेक वेळा हात नाही, पत्राच फिरवायचा. आणि हे सगळं उलटं, अक्षरंसुद्धा, कारण छापल्यावर आरसा होतो.

नंतर जवसाच्या तेलातली घट्ट काळी शाई खाचांत भरायची, पत्र्याचा वरचा सपाट भाग पुसून काढायचा, ओला कागद ठेवून रोलरखालून जोरात दाबायचा. कागद खाचेत शिरून शाई उचलतो, त्यामुळे रेषा किंचित वर उठलेली असते आणि कडेला पत्र्याचा चौकोनी ठसा राहतो.

मला सगळ्यात भारी वाटतो तो चेहरा, अशा कामात तिथे सगळ्यात उथळ रेषा आणि टिपके असतात. पण प्रत्येक छपाईत मऊ तांबं झिजतं आणि आधी जातात त्या याच रेषा, म्हणून उशिराच्या प्रतीत झग्याची नक्षी ठळक असली तरी गाल सपाट दिसतात. जुनी प्रत लवकरची की उशिराची हे ठरवताना जाणकार अशाच रेषा तपासतात.