दिवाणखान्यातलं ‘टेमेरेअर’

बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या आत्याच्या दिवाणखान्यात एक तैलचित्र आहे. फिकट सोनेरी रंगाचं मोठं शिडाचं जहाज, त्याला ओढून नेणारी काळी, धूर ओकणारी बोट आणि उजवीकडे मावळता सूर्य. आतोबांनी ते अलंगच्या खाड्यातून, म्हणजे गुजरातच्या किनाऱ्यावर जहाजं मोडतात तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून, एक कपाट आणि दोन खुर्च्यांबरोबर आणलं. मोडीत निघालेल्या जहाजांतलं सामान तिथे खाड्यांत विकतात हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. पाहुणा विचारतो, “ओरिजिनल का?” आत्याचं उत्तर ठरलेलं: “छे, नक्कल आहे. पण हाताने काढलेली.”

या ‘पण’मागे साडेतीनशे वर्षं आहेत.

मूळ चित्र इंग्लंडच्या जे. एम. डब्ल्यू. टर्नरचं. त्याने ते 1839 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत मांडलं. चित्रातलं जहाज ‘टेमेरेअर’ 1798 साली पाण्यात उतरलं, 98 तोफांचं. 1805 मध्ये ट्रफाल्गारच्या आरमारी लढाईत ते इंग्रज सेनापती नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजाच्या पाठोपाठ होतं आणि तिथेच त्याचं नाव झालं. पुढे मात्र त्याचा कैदखाना झाला, मग कोठार. 1838 साली नौदलाने ते 5,530 पौंडांना जॉन बीटसन नावाच्या जहाज मोडणाऱ्या व्यापाऱ्याला विकलं आणि सप्टेंबरमध्ये थेम्स नदीतून ओढत रॉदरहाइथला नेलं. प्रत्यक्षात डोलकाठ्या आधीच उतरवल्या होत्या आणि ओढणाऱ्या बोटी दोन होत्या. टर्नरने डोलकाठ्या परत उभ्या केल्या, एक बोट गाळली, वर तो सूर्य घातला. त्याने हे चित्र शेवटपर्यंत विकलं नाही. त्याच्या मृत्युपत्रामुळे ते 1856 मध्ये राष्ट्राच्या मालकीचं झालं, आणि आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. जहाजाच्या लाकडाच्या दोन खुर्च्या आणि एक टेबल रॉदरहाइथच्या सेंट मेरी चर्चमध्ये आहेत. खुर्च्यांचं ऐकल्यावर आतोबा एवढंच म्हणाले, “म्हणजे तिथेही अलंगच.”

आता नक्कल. समुद्रचित्रांच्या धंद्यात ती मागाहून शिरलेली नाही, सुरुवातीपासूनच आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये विलेम व्हॅन डे वेल्डे नावाचे बाप-लेक होते, दोघांचं नाव एकच. बाप चक्क छोट्या होडीत बसून आरमारी लढाईच्या जवळ जायचा आणि जहाजांची रेखाटनं करायचा. मुलगा ती रंगवायचा. 1672-73 च्या हिवाळ्यात दोघं इंग्लंडला गेले. 1674 मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने दोघांना वर्षाला शंभर-शंभर पौंड बांधून दिले, बापाला लढायांच्या रेखाटनासाठी आणि मुलाला त्यांत रंग भरण्यासाठी. ग्रीनिचला राजवाड्यात त्यांचा कारखाना बसला. एकाच लढाईची चित्रं अनेकांना हवी असत, त्यामुळे एका रेखाटनावरून कितीतरी चित्रं निघत. त्यांतलं ‘मूळ’ कुठलं, हा प्रश्न तेव्हाच्या गिऱ्हाइकाला बहुधा पडला नसावा. त्याला जहाज ओळखू आलं म्हणजे झालं!

टर्नर याच मुलाचा कित्ता गिरवत मोठा झाला. तोही मूळ चित्रावरून नव्हे. त्याच्या चरित्रात एक आठवण येते: व्हॅन डे वेल्डेच्या चित्रावरून केलेला एक छाप हातात घेऊन तो म्हणाला, यानेच मला चित्रकार केलं. पुढे ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्याकडच्या व्हॅन डे वेल्डेच्या चित्राला जोड म्हणून त्याच्याकडून वादळातल्या डच होड्या काढून घेतल्या. ते चित्र 1801 मध्ये लोकांसमोर आलं.

बडोद्याचं या गोष्टीशी नातं तसं लांबचं, पण आहे. सयाजीरावांनी कमाटीबागेत संग्रहालय उभारलं ते 1894 साली. शेजारच्या चित्रदालनाची इमारत 1914 मध्ये पूर्ण झाली, पण महायुद्ध पेटल्याने युरोपातून आणायची चित्रं अडकली आणि दालन उघडायला 1921 उजाडलं. चित्रांच्या निवडीसाठी एम. एच. स्पिलमन या इंग्रज समीक्षकाची मदत घेतली होती. ज्यांना लंडन कधीच दिसणार नव्हतं, त्यांना खरं युरोपीय तैलचित्र इथे बघायला मिळालं. उलट दिशेचा प्रवासही बडोद्याशी जोडलेल्या माणसालाच सुचला. बडोद्याचे माजी दिवाण, तंजावरी मराठी टी. माधवराव यांनी 1884 मध्ये राजा रविवर्म्यांना सुचवलं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांचे रंगीत छाप काढून घ्यावेत, एकटा हात सगळ्यांची मागणी पुरवू शकणार नाही. 1894 मध्ये रविवर्म्यांनी मुंबईत स्वतःचा छापखानाच काढला, आणि लक्ष्मी-सरस्वती घराघरांत गेल्या. छाप स्वस्त झाला तशी हाताने काढलेल्या प्रतीला वेगळी किंमत आली. आत्याच्या ‘पण’चा जन्म तिथला.

संग्रहालयांनीही नकलेला दार उघडं ठेवलं, फक्त नियम घातले. पॅरिसच्या लूव्रमध्ये नक्कल मूळ मापाची चालत नाही, ती एक-पंचमांशाने तरी लहान किंवा मोठी हवी. आज विकायच्या नकलांचं सर्वांत गाजलेलं केंद्र चीनमधलं दाफेन. 1989 साली हाँगकाँगचा एक चित्र-व्यापारी थोडे कारागीर घेऊन तिथे आला आणि गावच त्या धंद्याला लागलं.

आत्याचं चित्र दाफेनचं की आणखी कुठलं, कॅनव्हासच्या मागे काहीच लिहिलेलं नाही. पण एक खूण तपासता येते. टर्नरने ओढणाऱ्या बोटीचं धुराडं पुढे आणि डोलकाठी मागे काढली होती. खऱ्या बोटीत ती उलट असत. 1845 मध्ये जे. टी. विलमोर याने चित्राचं एनग्रेव्हिंग (पत्र्यावर कोरून काढलेला छाप) केलं, तेव्हा त्याने ही ‘चूक’ दुरुस्त करून टाकली. म्हणजे डोलकाठी पुढे असली, तर नक्कल विलमोरच्या छापावरची.

परवा स्टुलावर चढून पाहिलं. धुराडं पुढे आहे. सूर्याचा रंग मात्र सपाट बसलाय, टर्नरचा तिथे चांगला जाड थर आहे. आत्या खालून म्हणाली, “पुसून पण घे जरा, चढलायस तर.”